कर्करोगाची लक्षणं दाखवणारी पोस्ट 'नग्नता' म्हणून काढायची?

अबोली
ऑक्टोबर २०२० मध्ये ब्राझीलमधून इन्स्टाग्रामवर एक गुलाबी चित्र टाकलं गेलं. त्यात स्तनाच्या कर्करोगाची लक्षणं दाखवणारे आठ फोटो होते, सोबत माहिती. पाच फोटोंत स्तनाग्रं उघडी होती. मशीनने पोस्ट उडवली. कर्करोगाच्या जागृतीसाठी असे फोटो चालतात, हे इन्स्टाग्राम चालवणाऱ्या फेसबुक कंपनीच्याच नियमांत होतं, तरीही! कंपनीचे असे निर्णय तपासणाऱ्या स्वतंत्र निरीक्षण मंडळाने प्रकरण हाती घेतल्यावर पोस्ट परत आली, आणि जानेवारी २०२१ मध्ये मंडळाने ती काढणं चूक ठरवलं.

स्तनाग्र आत ओढलं जाणं, त्यातून रक्त येणं, भोवतीची कातडी सोलवटणं... ही लक्षणं तिथेच दिसतात. तोच भाग झाकून बायकांना काय शिकवणार? भारतीय बायकांत सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग हाच आहे, आणि गाठ हाताला लागली तरी आपल्याकडे घरात सांगायची चोरी. पुरुषाची उघडी छाती मात्र खुशाल चालते.

सह्याद्रीकर
आरोग्याचं मान्य. पण म्हणून नियम सैल करा, हे मला अजिबात पटत नाही. मी कॉलेजात शिकवते. एका विद्यार्थिनीचा चेहरा दुसऱ्याच उघड्या अंगावर चिकटवून फोटो फिरवला होता. पोरगी महिनाभर वर्गात आली नाही. माणूस बसून हेतू तपासणार, तोवर फोटो गावभर होतो. भारत सरकारच्या २०२१ च्या आयटी नियमांनी असा फोटो उतरवायला तक्रारीनंतर २४ तासांची मुदत घातली होती, मला तीही फार वाटायची.

अबोली
ताई, त्या मुलीचा फोटो तिला न विचारता फिरला, तो मिनिटात उतरायलाच हवा. इथे माहिती देणाऱ्यानेच चित्र टाकलं होतं. दोन्हींना एकच कात्री का?

निशिगंध
त्यातही कात्री कुणावर चालते ते बघा. २०२० मध्येच नायोम निकोलस-विल्यम्स या स्थूल, कृष्णवर्णीय ब्रिटिश मॉडेलचा फोटो इन्स्टाग्रामवरून हटवला गेला. डोळे मिटलेले, छाती दोन्ही हातांनी झाकलेली. बारीक, गोऱ्या मॉडेलांचे याहून उघडे फोटो तसेच राहतात, असं तिचं म्हणणं होतं. ओरड झाली तेव्हा कुठे त्या ऑक्टोबरात इन्स्टाग्रामने हातांनी धरलेल्या छातीच्या फोटोंबद्दलचा नियम बदलला. जाड बाईचं अंग दिसलं की लगेच घाण वाटतं, हे मला सहन होत नाही.

दादासाहेब
स्वतःचं शरीर स्वीकारायला ते जगाला दाखवावं का लागतं? घरची माणसं, डॉक्टर पुरेत की. तिथे तुमच्या अंगावर धंदा होतो, हे विसरू नका.

निशिगंध
घरात बोलत असते, तर र. धों. कर्व्यांना १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' हे लैंगिक शिक्षणाचं मासिक काढावं लागलं नसतं. मुखपृष्ठावर नग्न चित्रं असायची. खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांचे वकील होते.

सह्याद्रीकर
कर्वे मासिकावर स्वतःचं नाव छापत, कोर्टात उभे राहत. इथे कितीतरी खाती खोटी. आरोग्याच्या पोस्ट काढण्याआधी माणसाने बघाव्यात, एवढं मी मानते. मॉडेलच्या फोटोंसाठी मशीनचा हात सैल करायला माझा विरोधच आहे.