कामाच्या दिवसात वचन कुठे बसवायचं?

पूर्वभागातली_ताई
सर्वांना सलाम. मी सोलापूरच्या पूर्व भागात राहते. पुढच्या खोलीत टॉवेलच्या कडा शिवायचं काम चालतं, गल्लीतल्या चार बायका मशिनीवर बसतात. पहाटे बायबलचं वाचन होतं, रात्री लेकरांना घेऊन प्रार्थनाही होते. पण मधला सगळा दिवस मशिनीच्या आवाजात जातो. रविवारी पाळकसाहेब याकोबाच्या पत्रावर बोलले, वचन नुसतं ऐकणारे होऊ नका, त्याप्रमाणे चालणारे व्हा. तेव्हापासून हेच डोक्यात घोळतंय. माझ्या या कामात वचन कसं पाळायचं? रोज हातून होईल असं काही सांगा.

स्तोत्र_प्रेमी
मी स्वयंपाक करताना रोज एक वचन पाठ करते. भाकरी थापता थापता चार-पाच वेळा म्हटलं की बसतं. तुम्हालाही जमेल.

जुना_दिवाणजी
ताई, सलाम. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागाच्या कारखान्यांत माझं आयुष्य पगाराच्या वह्या लिहिण्यात गेलं. पाठांतर चांगलंच, ते कराच. पण तुमच्याकडे चार बायका कामाला आहेत, म्हणून माझ्या मते तुमची सुरुवात मजुरीपासून व्हावी.

लेवीय १९:१३ काढा. मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवायची नाही. अनुवाद नावाच्या पुस्तकात, २४ व्या अध्यायात तर कारणही दिलंय. सूर्य मावळायच्या आत दे, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्या मजुरीत अडकलाय. पगाराच्या दिवशी खिडकीसमोर उभी राहिलेली माणसं मी पाहिलीत. "पुढच्या आठवड्यात बघू" म्हटल्यावर त्यांचे चेहरे कसे व्हायचे ते मला माहीत आहे. किराणावाल्याची उधारी त्या पैशावर ठरलेली असायची. आणि पाळकसाहेबांनी घेतलं त्याच याकोबाच्या पत्रात पाचव्या अध्यायात लिहिलंय, की अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि ती आरोळी सेनाधीश परमेश्वराच्या कानी जाते.

द्राक्षमळ्याचा दाखला (मत्तय २०) आपण कृपेसाठी वाचतो, ते बरोबरच आहे. पण त्यातला मालक बघा. पहाटेच एक दिनार ठरवतो, म्हणजे त्या काळची दिवसाची मजुरी, आणि संध्याकाळ होताच कारभाऱ्याला मजुरी द्यायला सांगतो. दर आधी, पैसे वेळेवर. तुम्हीही डझनाचा दर काम हातात द्यायच्या आधी सांगा. डझन म्हणजे बाराच नग, वर एक फुकटचा नको. लेवीय १९ च्या शेवटी खरी मापं ठेवा म्हटलंय, त्यात हेही आलं. नग खराब निघाला तर तिच्यासमोर उलगडून दाखवा. मागावरच धागा तुटलेला असेल तर त्याचे पैसे शिवणारीच्या मजुरीतून कापू नका. हे मी फार ठिकाणी पाहिलं आणि दरवेळी जिवाला लागलं.

पूर्वभागातली_ताई
काका, पटलं. पण व्यापाऱ्याकडून माझंच पेमेंट महिना महिना येत नाही. रोज कुठून देऊ? आणि बायका ख्रिस्ती नाहीत, त्यांना हे वचनाचं सांगायचं का?

जुना_दिवाणजी
रोज जमत नसेल तर त्यांना विचारून शनिवार ठरवा. सगळ्यांच्या संमतीने ठरलेला वार मात्र चुकू देऊ नका. पेमेंट आलं की घरखर्चाला हात लावायच्या आधी पुढच्या दोन-तीन आठवड्यांची मजुरी वेगळ्या डब्यात काढा. अर्पणाचा डबा असतोच ना आपल्याकडे, त्याच्या शेजारी हा. जानेवारीत गड्ड्याची यात्रा असते, त्या बायकांच्या घरी सणाचा खर्च असतो, तेव्हा डबा भरलेला असावा.

सांगायचं का म्हणाल, तर कुणी विचारलं तर जरूर सांगा. मशिनीवर बसवून उपदेश नको. अनुवादातल्या त्याच ठिकाणी मजूर आपल्या भाऊबंदांतला असो की परका, दोघांना एकच नियम आहे. बवाज शेतात आला तो कापणी करणाऱ्यांना "परमेश्वर तुमच्याबरोबर असो" म्हणत (रूथ २:४). मालक आधी बोलला. सकाळी बायका आल्या की आधी तुम्ही बोला, पाणी विचारा.

संडेस्कूल_बाई
एक जोडते. अनुवाद ५:१४ मध्ये शब्बाथ पाळायचं सांगताना दासदासींनाही तुझ्यासारखाच विसावा मिळू दे असं म्हटलंय. आपण रविवारी उपासनेला जातो आणि धुणंभांड्याची मावशी आपल्या घरी राबते, हे मला पटेना. आमच्याकडे तिला रविवारी सुट्टी, पैसे न कापता. भांडी आम्ही मायलेकी घासतो.

पूर्वभागातली_ताई
आज दुपारी बायकांना विचारलं. शनिवार चालेल म्हणाल्या. पण एकीचा नवरा पैसे काढून घेतो, तिला बुधवारी थोडे आणि शनिवारी थोडे हवेत. तसंच देणार. प्रत्येकीची वेगळी वही करतेय, ती तिच्याकडेच राहील. काका, वहीत दर आणि नग सोडून आणखी काय लिहायचं?

जुना_दिवाणजी
माल दिल्याची तारीख, परत आल्याची तारीख, उचल दिली असेल तर ती, आणि पैसे मिळाल्यावर तिची सही. सही येत नसेल तर अंगठा घ्या, पण आधी आकडा मोठ्याने वाचून दाखवा. तिला मराठीपेक्षा तेलुगू बरं कळत असेल तर तेलुगूत.