अनुभव धागा: विद्यार्थिदशेतलं त्वेर

रशियात शिकून आलेल्यांच्या गप्पांत मॉस्को, पीटर्सबर्ग आणि कझान हटकून येतात. त्यांना या धाग्यावर बंदी नाही, पण आज मान त्वेरचा. मॉस्को-पीटर्सबर्ग रेल्वेमार्गावरचं हे व्होल्गाकाठचं जुनं शहर. अफानासी निकितिन नावाचा व्यापारी १५व्या शतकात इथूनच निघाला आणि भटकत भटकत आपल्या चौलच्या बंदरात उतरला. हल्ली तिथे मेडिकलला आपली पुष्कळ मुलं असतात. तुम्ही तिथे राहिला असाल, एका दिवसात उरकून आला असाल, नाहीतर दोन गाड्यांच्या मधल्या वेळात चक्कर मारली असेल, सगळं चालेल. प्रेक्षणीय स्थळांच्या याद्या मात्र नकोत, त्या कुठेही मिळतात.

नाशिकची डॉक्टर

मी तिथेच शिकले, त्यामुळे 'पाहिलं' असं म्हणवत नाही. डिसेंबरात सकाळी नऊला उजाडतं आणि चारच्या सुमाराला अंधार. लेक्चरला जाताना काळोख, परतताना काळोख. मधल्या वेळात नदीवर जायचं. नदी'वर' म्हणजे खरंच वर! व्होल्गा गोठली की माणसं बर्फाला भोकं पाडून, घडीच्या स्टुलावर बसून मासे धरत असतात. एकही बोलत नाही. गोदाकाठच्या गलबल्यात वाढलेल्या मला ती शांतता आधी अंगावर यायची.

निकितिनचा पुतळा पलीकडच्या काठावर आहे, १९५५ साली उभारलेला. खालचा चौथरा जहाजासारखा, नाळेला घोड्याचं तोंड. प्रत्येक बॅचने घरी पाठवलेल्या पहिल्या ग्रुप फोटोत मागे तोच असतो. हॉस्टेलच्या दारावर बसणाऱ्या आजी पास बघायच्या आधी डोकं बघायच्या. टोपी नसेल तर परत वर पाठवायच्या, परीक्षा असली तरी. आईसुद्धा इतकं बोलली नसेल.

एकदिवशी पाहुणा

मी मॉस्कोत होतो. रविवारी सकाळी लेनिनग्राद स्टेशनवरून एलेक्त्रिच्का, म्हणजे तिथली लोकल, पकडली. जलद गाड्याही आहेत, पण विद्यार्थ्याच्या खिशाला ही परवडते. वेळ चिक्कार लागतो. डबा मात्र बघण्यासारखा: मोजे विकणारे, बॅटऱ्या विकणारे, गिटारवाला. कर्जत लोकलची आठवण आली.

गावात फिरताना रस्ते विलक्षण सरळ वाटले. १७६३च्या आगीत शहराचा मधला भाग जळाला, मग कॅथरीन राणीच्या काळात तो आखून नव्याने बांधला. एका चौकातून तीन रस्ते त्रिशूळासारखे फाकतात. मॉस्को आणि पीटर्सबर्ग या दोन राजधान्यांच्या वाटेवर झारांना मुक्काम करायला बांधलेला राजवाडा आहे, त्यात आता चित्रसंग्रहालय आहे. स्तुदेन्चेस्की (विद्यार्थी ओळखपत्र) दाखवल्यावर तिकीट स्वस्तात मिळालं. ते कार्ड कायम जवळ ठेवा, पासपोर्ट आणि देशात शिरताना मिळणाऱ्या मायग्रेशन कार्डासकट.

जुना मॉस्कोकर

आमच्या वेळी, म्हणजे ऐंशीच्या दशकात, या गावाचं नाव कालिनिन होतं. ते १९३१ला बदललं आणि १९९०ला परत त्वेर झालं. परदेशी विद्यार्थ्याला शहराबाहेर जायचं तर परवानगी लागायची, 'रविवारी पकडली गाडी' असला प्रकार नव्हता. आम्हाला विद्यापीठानेच बसने नेलं होतं. कार्यक्रमात भर सगळा युद्धावर. १९४१च्या ऑक्टोबरात जर्मनांनी शहर घेतलं, १६ डिसेंबरला लाल सैन्याने परत मिळवलं. शहीद स्मारकापाशी फुलं वाहायला लावली, मग जेवण, मग परत.

त्वेर्त्सा नदी व्होल्गेला मिळते तिथलं मनोऱ्याचं बंदरघर तेव्हा दिमाखात उभं होतं. त्याचा मधला भाग २०१७ साली कोसळल्याची बातमी वाचली आणि वाईट वाटलं. ते बांधलं होतं एका जुन्या मठाच्या जागेवर. झार इव्हान द टेरिबलच्या माणसाने पदच्युत धर्मगुरू फिलिपचा गळा आवळला तो हाच मठ. आमच्या गाईडबाईंनी यातलं अवाक्षर काढलं नव्हतं. कालमान!

चौकस

स्पष्टच लिहितो, मला त्वेर कंटाळवाणं वाटलं. पीटर्सबर्ग पाहून आल्यावर तर फारच.

नाशिकची डॉक्टर

आधी पीटर्सबर्ग केलंत तर तसंच होणार. उलट्या क्रमाने जा.

शिवनेरीच्या पायथ्याचा

मी जुन्नरचा. मॉस्कोत रशियन शिकत होतो, तेव्हा 'कुठून आलास' याचं उत्तर 'मुंबईजवळून' एवढंच द्यायचो. त्वेरला संग्रहालयात खुर्चीवर बसलेल्या बाईंनी विचारलं, तर मुद्दाम 'जुन्नर' म्हणालो. बाई उठूनच उभ्या राहिल्या! निकितिनचं प्रवासवर्णन त्यांना शाळेत होतं आणि त्यातलं हे गावाचं नाव त्यांच्या लक्षात होतं. मग त्यांनीच मला माझ्या गावची गोष्ट सांगितली.

गोष्ट अशी: निकितिनने समुद्रापलीकडून एक घोडा विकायला आणला होता. जुन्नरच्या खानाने तो हिसकावला. मुसलमान झालास तर घोडा परत आणि वर हजार मोहरा, नाहीतर घोडाही गेला आणि दंडही भर, असा पेच. मुदत चार दिवस. ऐन वेळी एका खुरासानी माणसाने रदबदली केली आणि तो सुटला. पावसाळ्याबद्दल त्याने लिहिलंय: चार महिने रात्रंदिवस सगळीकडे पाणी आणि चिखल. म्हणजे पाचशे वर्षांत आमच्याकडे विशेष फरक नाही. इथे घोड्यांना हरभरे आणि साखर-तेल घातलेली खिचडी चारतात, अशीही नोंद आहे. बाईंना खिचडी म्हणजे काय ते हवं होतं. माझ्या तुटपुंज्या रशियनमध्ये डाळ-तांदूळ समजावता समजावता बंद व्हायची वेळ झाली, चित्रं निम्मी राहिली.

रेवदंड्यालाही निकितिनचं स्मारक आहे. सुट्टीत घरी आल्यावर तिथे गेलो, फोटो काढला आणि बाईंना दाखवायला पुढच्या खेपेला घेऊन गेलो. त्या दिवशी खुर्चीवर दुसऱ्याच बाई होत्या. फोटो त्यांच्यापाशी ठेवून आलो.

नवीन विद्यार्थी

माझं ॲडमिशन कुर्स्कला आहे. त्वेर बघायला मार्चमध्ये जाऊ की मेमध्ये?

नाशिकची डॉक्टर

मे. मार्चमध्ये बर्फ वितळतो आणि रस्त्यावर नुसता राडा असतो, बुटांची वाट लागते. आणि सोमवार टाळ, बहुतेक संग्रहालयं बंद असतात.