पैठणी हँगरवर टांगावी की घडी घालून ठेवावी?

प्रश्न

नमस्कार. आईने १९८६ साली लग्नात नेसलेली पैठणी गेली सहा वर्षे रत्नागिरीच्या आमच्या घरी, तारेच्या बारीक हँगरवर, प्लॅस्टिकच्या आवरणात टांगलेली होती. परवा बाहेर काढली तेव्हा हँगरच्या दांडीवर जेथे ती दुमडली होती, तेथे रेशीम तडकून बोटभर चीर पडलेली दिसली आणि पदराची जरही काळवंडलेली आढळली. शेजारीच टांगलेल्या बाबांच्या लोकरी स्वेटरच्या खांद्यांवर हँगरच्या टोकांचे उंचवटे आले आहेत. पैठणी आता कशी ठेवावी आणि चीर वाढू नये यासाठी काय करावे? मुलीच्या लग्नात मला हीच साडी नेसायची आहे.

प्रतिसाद १

ताई, पैठणी पुन्हा टांगू नका. जरीने भरलेला पदर उरलेल्या साडीपेक्षा जड असतो, त्यामुळे टांगल्यावर तो खाली ओढ देत राहतो आणि सगळा ताण दांडीवरच्या एकाच रेषेतील धाग्यांवर येतो. मात्र घडी घातली म्हणजे काळजी मिटली, असेही नाही; वर्षानुवर्षे त्याच रेषेवर मोडलेली साडी अखेर घडीवरच विरते. म्हणून दर तीन महिन्यांनी साडी पूर्ण उलगडून सावलीत तास-दोन तास हवा द्यावी आणि नवी घडी जुन्या मोडीपासून चार बोटे सरकवून घालावी. प्रत्येक मोडीत धुऊन खळ काढलेल्या मलमलीची सैल गुंडाळी ठेवली, की धार पडत नाही. सासूबाईंची पैठणी मी जाड पुठ्ठ्याच्या नळीवर आधी मलमल आणि मग साडी अशी गुंडाळून आडवी ठेवली आहे. तिच्यावर आता एकही नवी मोड पडत नाही, आणि जागा असेल तर मला हीच पद्धत सर्वांत योग्य वाटते.

प्रतिसाद २

जरीविषयी थोडे. जुन्या अस्सल जरीत रेशमी धाग्यावर चांदीची बारीक पट्टी गुंडाळलेली असते व तिच्यावर सोन्याचा मुलामा असतो. मुलामा झिजला की उघडी पडलेली चांदी हवेतील गंधकामुळे काळी पडते, आणि कोकणातील दमट हवेत प्लॅस्टिकमध्ये ओलावा कोंडला की ते लवकर घडते. त्यामुळे ते आवरण आजच काढून टाका आणि साडी सुती कापडात बांधा. डांबरगोळ्या साडीला लागू देऊ नका. सुकवलेल्या कडुनिंबाच्या पाल्याची पुरचुंडी कपाटाच्या कोपऱ्यात ठेवा. काळी जर चिंचेने किंवा लिंबाने घासण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळा, कारण राहिलेला मुलामाही त्यात निघून जातो.

प्रतिसाद ३

स्वेटर विणलेला असतो आणि टांगल्यावर त्याचे टाके स्वतःच्याच वजनाने लांबतात, म्हणून तो नेहमी घडी घालून सपाट ठेवावा. खांद्यांवरचे उंचवटे थोडी वाफ देऊन हाताने बसवावेत आणि स्वेटर टॉवेलवर आडवा वाळवावा. ठेवण्यापूर्वी तो धुतलेला हवा. घामाच्या आणि अन्नाच्या डागांवर कसर आधी लागते. टांगायचेच असतील तर कोट टांगावेत, तेही रुंद खांद्यांच्या लाकडी हँगरवर.

प्रश्नकर्तीचा पुन्हा प्रश्न

सर्वांचे मनापासून आभार. चीर पदरात नसून साडीच्या अंगात, निऱ्या येतात त्या भागात आहे. रफू करावे का?

प्रतिसाद १

नुसते रफू पुरणार नाही, कारण शेजारचे धागेही कमजोर झालेले असतात. त्याच रंगाच्या मऊ रेशमाचा तुकडा चिरेपेक्षा चार बोटे मोठा कापून मागून बारीक टाक्यांनी लावून घ्यावा आणि रफू त्याच्यावर करावे. हातमागाच्या पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखाच दिसतो, त्यामुळे तेथे असे ठिगळ लपले नसते. निऱ्यांत ते झाकले जाईल. नेसताना त्या निऱ्यांना पिन लावू नका आणि त्या खोचताना ओढू नका.