लपवलेलं पिस्तूल आणि पोलीस

'कुणाच्या कमरेला पिस्तूल आहे हे गुन्हेगाराला कळत नाही, म्हणून तो बिचकतो' हा अमेरिकेत सामान्य नागरिकांना लपवून पिस्तूल बाळगण्याचा परवाना द्यावा म्हणणाऱ्यांचा मुद्दा ऐकायला बरोबर वाटतो. पण अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने २००४ मध्ये उपलब्ध अभ्यास तपासले, तेव्हा अशा परवान्यांमुळे गुन्हे घटतात की वाढतात, यातलं काहीच ठामपणे सिद्ध होत नाही असा निष्कर्ष निघाला. त्यामुळे दोन्ही बाजूंनी आकडे फेकणं जरा थांबवू या.

मला अडचण वेगळीच दिसते. जुलै २०२२ मध्ये इंडियानातल्या ग्रीनवुडच्या मॉलमध्ये एका सशस्त्र तरुणाने हल्लेखोराला काही सेकंदांत टिपलं. समर्थक हे उदाहरण देतात, आणि ते खरंच आहे. पण २०२१ मध्ये कोलोरॅडोतल्या अर्वाडात अशाच एका नागरिकाने हल्लेखोराला पाडलं, त्याची रायफल उचलली, आणि तेवढ्यात आलेल्या पोलिसाने त्यालाच हल्लेखोर समजून गोळी घातली. तो गेला. साध्या वेशातल्या माणसाच्या हातात बंदूक बघून पोलिसाने त्याला ओळखायचं कसं?

परवाना हवाच असेल तर नेमबाजीइतकंच, गोळीबारानंतर शस्त्र खाली ठेवायचं आणि हात दिसते ठेवायचे, हेही घोटून घ्यायला हवं. बऱ्याच राज्यांनी तर आता परवान्याचीच अट काढून टाकली आहे, मग हे शिकवणार कोण?