पिकलिंगच्या टाकीत कडुनिंबाचा अर्क चालेल का?

प्रश्न : भोसरीत माझे छोटे वर्कशॉप आहे. गॅल्व्हनायझिंगला (जस्ताचा थर चढवायला) पाठवण्यापूर्वी गंज काढण्यासाठी लोखंडी भाग आम्ही हायड्रोक्लोरिक ऍसिडच्या टाकीत बुडवतो, यालाच पिकलिंग म्हणतात; पण गंजाबरोबर चांगले लोखंडही विरघळते. मुलीच्या महाविद्यालयातील रसायनशास्त्राच्या प्राध्यापिका वनस्पतींच्या अर्कांनी ही झीज रोखण्यावर संशोधन करतात, असे तिच्याकडून कळले. कडुनिंबाचा पाला उकळून काढलेले पाणी टाकीत घातले तर उपयोग होईल का?

उत्तर १ : मी याच विषयात काम करतो. तत्त्व खरे आहे. पानांतील नायट्रोजन व ऑक्सिजन असलेले सेंद्रिय रेणू उघड्या धातूला चिकटून पातळ थर तयार करतात, त्यामुळे ऍसिडचा मारा मंदावतो आणि हायड्रोजनचे बुडबुडे कमी झाल्याने टाकीवरची वाफही घटते. मात्र तापमान वाढले की हा थर बहुधा सुटू लागतो, म्हणून गरम टाकीत निराशा होऊ शकते. आधी चाचणी घ्या : एकाच पत्र्याच्या सारख्या पट्ट्या घासून, वजन करून, एक साध्या आणि एक अर्क घातलेल्या ऍसिडमध्ये सारखाच वेळ ठेवा. पहिलीची घट २०० मिलिग्रॅम आणि दुसरीची ३० मिलिग्रॅम आली, तर संरक्षण ८५ टक्के झाले.

उत्तर २ : आम्ही चाकणला हा प्रयोग केला होता. झीज कमी झाली, हे मान्य. पण पिंपात साठवलेल्या अर्काला आठवड्यात बुरशी आली आणि पुढच्या खेपेच्या पाल्याने तसा गुण दिला नाही. शोधनिबंधांत ही कटकट क्वचितच वाचायला मिळते!

प्रश्नकर्ता : हिरडा वापरला तर? तो वाळलेला मिळतो, त्यामुळे साठवणे सोपे जाईल.

उत्तर १ : हिरड्यात टॅनिन हे तुरट द्रव्य भरपूर असते. लोखंडी कढईत आवळा काळा पडतो, किंवा हिरडा आणि हिराकस (लोहाचे सल्फेट) यांपासून काळी शाई होते, तीच क्रिया गंजावर होऊन त्याचे काळपट लोह-टॅनेट बनते. रंगापूर्वी ते उपयोगी ठरते, परंतु गॅल्व्हनायझिंगपूर्वी पृष्ठभागावर काहीही राहता कामा नये, तेव्हा ऍसिडनंतरची धुलाई अधिक कसून करावी लागेल.

प्रश्नकर्ता : आभारी आहे, सर. आमचा काटा ग्रॅमपर्यंतच दाखवतो, त्यामुळे पट्ट्या घेऊन ओळखीच्या सराफाकडे जातो.

उत्तर १ : जरूर जा, पण पट्ट्या धुऊन आणि पूर्ण वाळवून न्या. ओलाव्याने आकडा फसवतो, आणि ऍसिडचा अंश राहिला तर सराफाचा काटाही गंजेल.