फ्लॅट आपोआप अर्धा होत नाही
नवऱ्याच्या नावावरचा फ्लॅट घटस्फोटानंतर आपोआप अर्धा-अर्धा होतो, असं वर एका ताईंनी लिहिलंय. तसं नाही हो, हिंदू विवाह कायद्यात तशी तरतूदच नाही. स्त्रीधन, म्हणजे बायकोला लग्नात आणि नंतर भेट मिळालेले दागिने-पैसे वगैरे, मात्र पूर्णपणे तिचंच. पण पोटगीचं कोणी बोललंच नाही. आपल्या नागपूरच्याच कौटुंबिक न्यायालयातून वर गेलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली दोघांनाही उत्पन्न-मालमत्तेचं शपथपत्र सक्तीचं केलं, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची असंही ठरवलं.

माझ्या मावसबहिणीचा मनीषनगरातला फ्लॅट नवऱ्याच्या नावावर, हप्ते मात्र तीन वर्षं तिच्या पगारातून गेले. खातेउतारे जपले होते म्हणून तडजोडीच्या वेळी वकीलबाईंना ठामपणे बोलता आलं. ताई, घर सोडण्याआधी बँकेचे उतारे आणि दागिन्यांच्या पावत्या हाताशी घ्याच.