विश्वासाची हत्यारं आता तशी राहिली नाहीत का? तुमचे अनुभव सांगा

हाताने काम करणाऱ्यांच्या बोलण्यात एक तक्रार हमखास येते. वडिलांच्या वेळची पक्कड अजून चालते, आणि त्याच शिक्क्याची नवी पक्कड वर्षही काढत नाही. तक्रारीत तथ्य आहे असं माझं स्वच्छ मत आहे. पण ती अशी मोघम राहिली तर नवं हत्यार घ्यायला निघालेल्या माणसाला तिचा काही उपयोग नाही. म्हणून हा धागा. हत्यार कोणतं, त्याचा नेमका कुठला भाग दगा देतो, जुन्या-नव्यात फरक कुठे जाणवला, हे लिहा. वाईट अनुभव लिहिताना कंपनीचं नाव टाळा. एकाच शिक्क्याखाली वेगवेगळ्या कारखान्यांतला माल येतो, शिवाय नकली मालही फिरतो. बिघाड कसा झाला हे कळलं तर जास्त कामाचं. आलेले अनुभव खाली कामाप्रमाणे, ज्याच्या त्याच्या शब्दांत आहेत.

थोडी पार्श्वभूमी देतो. डिस्टन ही करवतींची पेढी 1840 मध्ये सुरू झाली आणि 1955 मध्ये विकली गेली. कानशी करणारी निकल्सन 1864 ची, ती 1972 मध्ये एका मोठ्या उद्योगसमूहाकडे गेली. क्राफ्ट्समन हे नाव सीअर्स या अमेरिकी दुकानसाखळीने 1927 मध्ये घेतलं. हत्यारं पहिल्यापासून दुसरे कारखाने करून देत, सीअर्स आपलं नाव घालून विकत असे. 2017 मध्ये ते नाव स्टॅन्ली ब्लॅक अँड डेकरकडे गेलं, आणि ही कंपनीसुद्धा 2010 मध्ये दोन जुन्या कंपन्या एकत्र येऊन झालेली. मालकी बदलली म्हणून माल बिघडतोच असं नाही. पण गिऱ्हाईक ज्या नावावर विसंबून हत्यार उचलतो, ते नाव आणि ते पोलाद घडवणारी भट्टी यांचा आज संबंध उरला असेलच असं धरता येत नाही.

सुतारकाम

माझा अनुभव रंध्याचा. बेली पद्धतीचा, म्हणजे चाक फिरवून पातं खालीवर करायचा, बिडाचा रंधा. जुना एक हाताखाली आहे, आणि नंतर त्याच नावाचा नवा घेतला. दिसायला नवा जास्त देखणा. पट्टी लावून तळ पाहिला तर मधोमध खोलगट, आणि तोंडाच्या, म्हणजे पातं बाहेर येतं त्या फटीच्या, पुढचा भाग लाकडाला टेकतच नव्हता. हा दोष बारीक वाटेल, पण पातळ सलग साल काढायची तर नेमका तोच भाग दाबून बसावा लागतो. नाहीतर लाकडाची रेघ उलटी आली की लाकूड उचकटतं.

कारण मला असं दिसतं. बीड ओतल्यावर त्यात ताण राहतो. पूर्वी ओतीव भाग बरेच दिवस नुसते मुरत ठेवायचे किंवा भट्टीत तापवून हळू गार करायचे, आणि मग तळ घासायचे. ही पायरी आखडती घेतली की कारखान्यातून सरळ निघालेला तळ नंतर घरी वळतो. त्यात वेळ आणि जागा वाचते, आणि गिऱ्हाइकाला पेटी उघडताना काही कळत नाही.

दुसरा फरक आतला. पातं खालीवर करणारा इंग्रजी वाय अक्षरासारखा भाग जुन्यात अखंड ओतीव आहे, नव्यात दाबलेल्या पत्र्याच्या दोन पट्ट्या जोडलेल्या आहेत. चाक फिरवलं की बराच वेळ नुसतंच फिरतं, पातं हलत नाही. बेडकाची, म्हणजे पातं ज्यावर बसतं त्या तुकड्याची, टेकण्याची जागाही नव्यात नीट घासलेली नाही, त्यामुळे कठीण लाकडावर पातं थरथरतं. तळ मी काचेवर एमरी कागद चिकटवून सरळ केला. रंधा आता चालतो. पण ज्याला हे माहीत नाही, असा शिकाऊ मुलगा आपल्यालाच रंधा मारता येत नाही असं समजून हत्यार खाली ठेवेल. मला या गोष्टीचं खरं वाईट वाटतं.

गाड्यांची दुरुस्ती

पान्यांबद्दल. पाना क्रोम व्हॅनेडियम या मिश्र पोलादाचा असल्याचं त्यावरच कोरलेलं असतं, पण ती अक्षरं पाणी नीट दिलंय, म्हणजे तापवून-विझवून पोलाद नीट कडक केलंय की नाही हे सांगत नाहीत. नव्या पान्यांचा जबडा जोर लावल्यावर उघडतो आणि नटाचे कोपरे गोल होतात. नट गंजलेला असला की मग पुढचं सगळं काम वाढतं. चकचकीत मुलामाही काही पान्यांवर पापुद्र्यासारखा सुटतो आणि त्याची कड बोट कापते. हे धोक्याचं आहे.

रॅचेटचं, म्हणजे एकाच दिशेने नट फिरवणाऱ्या दातेरी दांड्याचं, मात्र वेगळं आहे. जुन्यात 36 दाते असतील तर दर दात्याला 10 अंश फिरवावं लागतं, नव्या 72 दात्यांच्या रॅचेटला 5 अंश पुरतात. अडचणीच्या जागी हा फायदा मोठा आहे. पण दाते बारीक झाले की कस चांगलाच लागतो. चांगल्या कारखान्याचा 72 दात्यांचा रॅचेट मी बिनघोर वापरतो. हलक्या मालाचा मात्र भर जोरात सटकतो आणि मुठीची सालं निघतात.

फिटर

कानस. नवी कानस सुरुवातीला छान चावते आणि लगेच घसरायला लागते. कानशीचा कडकपणा रॉकवेल सी मापावर साठीच्या पुढे असावा लागतो. तो फक्त पृष्ठभागावर पातळसा असेल, किंवा दाते कापताना टोकं बोथट राहिली असतील, तर ती पोलादावर टिकत नाही. घेताना दात्यांची टोकं उजेडात धरून बघा. टोकांवर पांढरी चमक दिसली तर दाता आधीच बोथट आहे. जुन्या, गंजक्या कानशी टाकून देऊ नका. सौम्य आम्लात ठेवून साफ केल्या तर त्यातल्या बऱ्याच पुन्हा चावतात.

वायरमन

पकडीच्या कापायच्या धारेला खाचा पडणं हा माझ्याकडचा नेहमीचा प्रकार. मी फक्त तांब्याची तार कापतो, पोलादी कधी नाही, तरी धार बसते. धार वेगळी कडक केलेली असायला हवी, म्हणजे बाकी पक्कड चिवट आणि धार तेवढी कठीण. ती पायरी हुकली की आठवड्यात कळतं.

पण मला जास्त काळजी मुठीच्या आवरणाची वाटते. मऊ रबरी आवरण आणि खरं विद्युतरोधक आवरण यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आयईसी 60900 या आंतरराष्ट्रीय प्रमाणानुसार केलेल्या हत्यारावर दोन त्रिकोणांची खूण आणि 1000 व्होल्ट असं छापलेलं असतं. असा प्रत्येक नग 10,000 व्होल्टवर तपासून बाहेर पडायचा असतो. ओळखीच्या नावाची पक्कड आहे म्हणून चालू तारेला हात घालू नका. खूण बघा.

थोडं वेगळं मत

सगळंच घसरलं हे मला पटत नाही. जुनी वाईट हत्यारं भंगारात गेली, चांगली तेवढी आपल्या हातात उरली, आणि त्या निवडक हत्यारांशी आपण आजच्या सरसकट मालाची तुलना करतो. 1882 पासूनची क्निपेक्स अजून त्याच घराण्याकडे आहे आणि पकडीच करते. ली-निल्सन 1981 मध्ये सुरू झाली, म्हणजे जुनी परंपरा नसतानाही उत्तम रंधे करते. आजच्या करवतीचे दाते इतके कठीण असतात की कानस त्यांच्यावरून घसरते. त्यांना धार लावता येत नाही हा तोटा आहेच, पण पहिल्या दिवसापासून त्या जशा कापतात तशा माझ्या जुन्या करवती कापत नव्हत्या. मधला स्तर हरवलाय असं मी म्हणेन. एकतर फार भारी माल किंवा अगदी हलका. रोज काम करून पोट भरणाऱ्या माणसाला परवडेल आणि टिकेल, असं जे होतं ते कमी झालंय.

लोहारकाम आणि लाकूडकाम, दोन्ही

वरच्या काहींनी पाण्याचा, म्हणजे कडक करण्याचा मुद्दा काढलाय म्हणून लिहितो. नावाजलेल्या शिक्क्याची एक पटाशी माझ्याकडे आली, तिची धार हातोडीच्या पहिल्याच ठोक्यांना वळायची. कानस लावून बघितली तर पोलाद सहज घासलं जात होतं. मूठ काढली आणि पात्याचा पुढचा भाग भट्टीत तापवला, चुंबक चिकटेनासं होईपर्यंत आणि वर थोडासाच. मग कोमट तेलात बुडवला. आता कानस त्यावरून काचेसारखी सरकली. इतक्या कडक अवस्थेत धार तुटते, म्हणून साधारण 200 अंश सेल्सियसला तासभर ठेवून कडकपणा थोडा उतरवला, पोलादावर फिकट गवती रंग येईपर्यंत. त्यानंतर याच पटाशीने सागवानात सांध्याची घरं पाडली, धार टिकली.

म्हणजे पोलाद चांगलं होतं. कारखान्यात ते नीट तापवलं किंवा नीट उतरवलं गेलं नव्हतं. हे पाहिल्यापासून मला रागच येतो, कारण हा खर्च माल महाग करणारा नाही, फक्त लक्ष मागणारा आहे. पटाशी जाड असते म्हणून हे जमलं. रंध्याचं पातं पातळ, तेलात टाकताना ते वाकण्याची भीती वाटते. कोणी घरी केलं असेल तर पातं उभं बुडवलं की आडवं, आणि वाकलं असल्यास सरळ कसं केलं, ते लिहा.